नोकरी गेल्यावर देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे रोज नेमके काय करायचे?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातली खाजगी कंपनीतली नोकरी जाऊन सहा महिने झाले. बाप्तिस्मा, दृढीकरण, दर रविवारची उपासना, सगळे रीतसर चालू आहे. मंडळीत भेटेल तो सांगतो, "प्रभूवर भरवसा ठेवा." ठेवायचा कसा, हे कोणी सांगत नाही. प्रार्थनेला बसले की पाच मिनिटांत मन घराच्या हप्त्यावर जाते. आणि कोणी "सध्या काय करता?" असे विचारले की आपण कोणीच उरलो नाही असे वाटते.

यात दोन प्रश्न आहेत, एक भाकरीचा आणि एक ओळखीचा. पवित्र शास्त्रात हे दोन्ही एकाच ठिकाणी भेटतात, रानात. म्हणून आधी तिथे जाऊ, मग रोजच्या वेळापत्रकाकडे येऊ.

निर्गम १६ उघडा. मिसरातून निघालेल्या इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने पुरवलेले रोजचे अन्न, मिळतो तो माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचे माप. ज्यांनी उद्यासाठी झाकून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या सातव्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट वेचायचा, आणि तेवढा मात्र नासत नसे. हे चाळीस वर्षे चालले. एक बारकावा बहुतेक जण ओलांडून पुढे जातात: मान्ना तंबूत येऊन पडत नव्हता. सकाळी उठून बाहेर जाऊन वेचावा लागे, आणि ऊन तापले की तो वितळून जाई (१६:२१). भरवशाच्या या पहिल्याच धड्यात काम आहे, वेळ आहे आणि माप आहे. वेचायचे माणसाने, पुरवायचे देवाने, आणि दोन्हींची मुदत एका दिवसाची.

आता मत्तय ३ आणि ४ सलग वाचा. मधला अध्यायाचा आकडा विसरा. येशू यार्देनेत बाप्तिस्मा घेतो आणि आकाशातून वाणी होते की हा माझा पुत्र, मला परमप्रिय. तोपर्यंत त्याच्या नावावर एकही चमत्कार नाही, एकही प्रवचन नाही. तिशीचा (लूक ३:२३), नासरेथातला सुतार. पसंतीची पावती कामाच्या आधी मिळाली. लगेच पुढच्या ओळीत तो रानात आहे, चाळीस दिवसांचा उपाशी, आणि मोहात पाडणारा म्हणतो, "तू देवाचा पुत्र असलास तर" या धोंड्यांच्या भाकरी कर. दिसायला मोह भाकरीचा आहे. खरा हल्ला "असलास तर" यावर आहे. काहीतरी करून दाखव, म्हणजे तू कोण ते ठरेल. येशू करून दाखवत नाही. तो जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकातले ८:३ हे वचन म्हणतो, "मनुष्य केवळ भाकरीने जगणार नाही", आणि अनुवादातली ती ओळ मान्न्याबद्दलचीच आहे.

"सध्या काय करता?" हा प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडी साधा असतो. ऐकणाऱ्याच्या कानात तो "असलास तर" होऊन शिरतो. पगार होता तेव्हाही तो होताच, फक्त उत्तर तयार असायचे. तुमचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला असेल तर ही गोष्ट आणखी सोपी आहे: त्या दिवशी तुमच्याकडे पदवी नव्हती, अनुभव नव्हता, स्वतःची मान सावरण्याइतकी ताकदही नव्हती. तरी नाव घेऊन हाक मारली गेली. ही हाक नोकरीच्या कागदावर अवलंबून नव्हती, म्हणून त्या कागदाबरोबर ती जात नाही.

हे पटले तरी सकाळी सहाला छातीत धडधड होतेच. पटणे आणि अंगवळणी पडणे यांत फार अंतर असते, आणि ते अंतर वेळापत्रकाने कापावे लागते.

सकाळची बैठक पंधरा मिनिटांची ठेवा, त्याहून जास्त नको. उत्साहात तासाभराची ठरवली तर ती चौथ्या-पाचव्या दिवशी मोडते आणि मग अपराधीपणाची भर पडते. मोबाईल दुसऱ्या खोलीत. खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकलेले; गुडघे टेकायची सवय असेल तर टेका, पण गुडघे दुखत असतील तर अर्धे लक्ष त्यांतच जाते. पहिले मिनिटभर काही बोलू नका. मग एक स्तोत्र मोठ्याने वाचा. मोठ्याने वाचायचे कारण साधे आहे: मनातल्या मनात वाचताना चिंता शेजारून चालत राहते, तोंड आणि कान कामाला लागले की तिला जागा कमी मिळते. घरात इतर झोपले असतील तर कुजबुजत वाचा. त्यानंतर आजच्या दिवसापुरती एकच मागणी, तीही नेमकी. "माझे सगळे नीट कर" ही मागणी नव्हे. "आज अकरा वाजता मुलाखत आहे, मागची नोकरी का गेली ते विचारतील तेव्हा खरे बोलायला धैर्य दे" ही मागणी आहे. मग प्रभूची प्रार्थना, सावकाश. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" या ओळीशी थांबा आणि आज घरात लागणाऱ्या गोष्टींची नावे घ्या: गॅस, मुलीच्या बसचे पैसे, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या. शेवटी एक ठरलेले वाक्य, रोज तेच: "मी तुझ्या नावाने बाप्तिस्मा घेतलेला आहे, आज जे होईल त्याने हे बदलत नाही." वाक्य रोज नवे शोधू नका. नावीन्याचा शोध हेही एक कामच होऊन बसते.

कोणते स्तोत्र? सुरुवातीला हे सात पुरेत, वारानुसार: ३, १३, ४२, ६२, ७३, १३१, १४२. चार आठवडे हीच फिरवा. तिसरे सकाळचे आहे, झोपेतून सुखरूप उठल्याबद्दलचे. १३१ फक्त तीन ओवींचे आहे. ज्या दिवशी काहीच वाचवत नाही त्या दिवसासाठी ते राखून ठेवा. ७३ मध्ये सतराव्या ओवीपर्यंत कवी दुसऱ्यांचे बरे चाललेले पाहून जळतो आहे. नोकरी गेलेल्या माणसाने लिंक्डइन उघडल्यावर जे होते तेच, आणि शास्त्रात ते लपवलेले नाही.

१३ व्या स्तोत्रावर मात्र नीट मुक्काम करा, कारण तक्रारीची प्रार्थना कशी बांधायची ते तिथे सहा ओव्यांत दिसते. पहिल्या दोन ओव्या तक्रारीच्या: "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा. देवाला, स्वतःच्या मनाला आणि शत्रूला धरून. पुढच्या दोन मागणीच्या: माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे, माझे डोळे प्रकाशित कर, नाहीतर काय होईल तेही सांगतो. शेवटच्या दोन भरवशाच्या, आणि त्यांत परिस्थिती बदलल्याचा एक शब्दही नाही. दाविदाचे शत्रू पाचव्या ओवीत गेलेले नाहीत. तो फक्त देवाची दया धरून उभा राहतो.

हाच साचा घेऊन वहीत स्वतःचे स्तोत्र लिहायचे. आठवड्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, वीस मिनिटे. वरती "हे प्रभू" एवढे लिहा. मग तक्रार, तीन ते पाच वाक्ये, पूर्ण तपशिलासह: किती अर्ज केले, कोणाचे उत्तर आले नाही, कोणाच्या बोलण्याने लागले, खात्यात किती रक्कम उरली आहे. तपशील लिहायला संकोच वाटला तर २ राजे १९:१४ पाहा. अश्शूरच्या राजाचे धमकीचे पत्र आल्यावर यहूदाचा राजा हिज्कीया ते मंदिरात नेतो आणि परमेश्वरापुढे उलगडून ठेवतो. बँकेची नोटीस, नकाराची ईमेल, वैद्यकीय बिल, जे असेल ते छापून वहीखाली ठेवा. मग मागणी, एक किंवा दोन. मग "तरी" या शब्दाने सुरू होणारे एक वाक्य, आणि ते खोटे नको. "तरी मला आनंद आहे" असे लिहू नका, आनंद नसेल तर. "तरी मी आज प्रार्थनेला बसलो आहे" एवढे खरे असेल तर एवढेच लिहा. तेही जमत नसेल तर ८८ वे स्तोत्र वाचून वही मिटा. ते अंधारात संपते, शेवटी भरवशाची ओवीच नाही. तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे, आणि त्याची पहिली ओळ "माझ्या तारणाच्या देवा" म्हणूनच सुरू होते.

आपल्या मंडळ्यांत या तक्रारीच्या प्रार्थनेला जागा फार कमी उरली आहे. साक्ष द्यायला उभे राहतात ते काम झाल्यावर. नोकरी मिळाली, व्हिसा मिळाला, गाठ साधी निघाली. ज्यांचे अजून झालेले नाही ते मागच्या बाकांवर बसून ऐकतात आणि आपल्याच विश्वासात काही कमी असेल असे समजून घरी जातात. वधस्तंभावर येशूने म्हटलेली स्तोत्रे कोणती? मार्क १५:३४ मध्ये २२ व्या स्तोत्राची पहिली ओवी आहे, "तू माझा त्याग का केलास?", लूक २३:४६ मध्ये ३१ व्याची पाचवी. तक्रार आणि भरवसा, दोन्ही त्याच तोंडातून, त्याच दुपारी.

संध्याकाळची बैठक दहा मिनिटांची. हिची पद्धत सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला यांच्या शिकवणीतून आली. वसईच्या कॅथलिक घरांत ती काहींना परिचित असेल, पण प्रॉटेस्टंट मंडळीच्या माणसाने ती करायला काहीच हरकत नाही. आजचा दिवस उठल्यापासून आतापर्यंत क्रमाने आठवायचा. कुठे उपकार मानावेसे वाटले, कुठे मन देवापासून दूर पळाले, उद्या कुठे मदत लागेल. तीन ओळी, तीन वाक्ये, तारीख घालून. "उपकार" या ओळीत मोठमोठे काही शोधू नका. जुन्या सहकाऱ्याने स्वतःहून फोन केला, मुलाने न सांगता भांडी घासली, पोट दुखले नाही. मान्नाही दिसायला बारीकच होता, जमिनीवर पडलेल्या हिमकणांसारखा असे निर्गमात म्हटले आहे. महिन्याने या वहीची पाने चाळली की दोन गोष्टी दिसतात: कोणत्या चिंता परत परत आल्या आणि कोणत्या चिंता लिहून आठवड्यात विरून गेल्या. पहिल्या प्रकारच्या चिंतांसाठी नुसती प्रार्थना पुरत नाही. त्या कोणाशी तरी बोलाव्या लागतात.

आता काय बिघडते ते.

सर्वांत जास्त बिघडते ते म्हणजे प्रार्थनेच्या नावाखाली चिंतेची उजळणी. वीस मिनिटे डोळे मिटून बसलो आणि वीस मिनिटे हप्ताच फिरवत राहिलो, फक्त मधूनमधून "प्रभू" म्हटले. ओळखायची खूण: उठल्यावर मन आधीपेक्षा जड असते आणि नवीन एकही शब्द देवाला सांगितलेला नसतो. उपाय: चिंता कागदावर लिहा, पाच मिनिटांचा गजर लावा, गजर वाजला की कागद स्तोत्रसंहितेत ठेवून पुढच्या पायरीवर जा. फिलिप्पैकरांस ४:६ मध्ये "आभारप्रदर्शनासह" हा जो शब्द आहे तो शोभेचा नाही. आभार मानायला भूतकाळातली खरी घटना आठवावी लागते, आणि तेवढा वेळ मन उद्यावरून उठते.

दुसरे, वचनांचा चिठ्ठ्यांसारखा वापर. नव्या वर्षाच्या उपासनेत वचनकार्ड मिळते, ते चांगलेच आहे. पण त्यावर यिर्मया २९:११ निघाले की "हिताचे संकल्प" म्हणजे मार्चपर्यंत नोकरी, असा हिशेब मांडला जातो. ते वचन एका पत्रातले आहे. यिर्मयाने यरुशलेमेहून हे पत्र बाबेलला नेलेल्या बंदिवानांना लिहिले. ही पाडावाची पहिली मोठी तुकडी इ.स.पू. ५९७ च्या सुमाराची. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळे परत याल. लोकांना तेच ऐकायचे होते. यिर्मया लिहितो, सत्तर वर्षे. आणि अकराव्या ओवीच्या आधी, पाचव्या ते सातव्या ओवीत, काय करायचे तेही लिहितो: घरे बांधा, मळे लावा, लग्ने करा, ज्या शहरात आहात त्याचे हित चिंता. म्हणजे हिताचे संकल्प ऐकवायच्या आधी बाबेलमध्येच भाजीपाला लावायला सांगितले आहे. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा: नोकरी मिळेपर्यंत आयुष्य थांबवून ठेवू नका. मुलाचा वाढदिवस करा, केक घरी करा. सोसायटीच्या सभेला जा. तरुण संघात शिकवत असाल तर शिकवणे सोडू नका. डोळे मिटून बायबल उघडून बोट ठेवण्याची सवयही याच जातीची. तिने मार्गदर्शन मिळत नाही, फक्त आधीच ठरवलेल्या गोष्टीला पाठिंबा मिळतो.

खुणा मागणे हेही तसेच. गिदोनाने देवाकडे खूण मागायला ठेवलेली लोकर (शास्ते ६) ही आदर्श म्हणून सांगितली जाते, पण त्याला आज्ञा आधीच स्पष्ट मिळाली होती. लोकर त्याच्या भीतीतून आली, आणि देवाने त्याची भीती समजून घेतली एवढेच. दोन नोकऱ्यांपैकी कोणती घ्यावी हे ठरवायला याकोब १:५ प्रमाणे सुज्ञता मागा आणि मग पगार, अंतर, कुटुंब, प्रामाणिकपणा या चार बाबींवर दोन्ही पर्याय कागदावर मांडा. ज्या कामात खोटी बिले करावी लागतील त्याबद्दल खूण मागायची गरजच नाही.

तिसरे, नवस. आपण ख्रिस्ती असलो तरी नवसाची भाषा आपल्या आसपास इतकी आहे की ती नकळत प्रार्थनेत शिरते: नोकरी दे, मग मी पहिला पगार देईन, मग मी दर शुक्रवारी उपास करीन. शास्ते ११ मध्ये इफ्ताहाने घाईत केलेल्या नवसाची किंमत त्याच्या मुलीने दिली. उपदेशक ५:४-५ सरळ सांगते की बोलून न फेडण्यापेक्षा न बोललेले बरे. नवसात देव हा सौदा करणारा होतो आणि आपण पुन्हा "करून दाखवणारे" होतो. सकाळच्या त्या ठरलेल्या वाक्याच्या अगदी उलट. उपास करायचाच असेल तर काही न मागता करा, एका जेवणाचा करा, आणि मधुमेह असेल किंवा गोळ्या चालू असतील तर करूच नका. त्याऐवजी मोबाईलचा उपास करा.

चौथे, कारण शोधणे. कोणत्या पापामुळे झाले? योहान ९:२-३ मध्ये शिष्यांनी हाच प्रश्न जन्मांध माणसाबद्दल विचारला आणि येशूने तो नाकारला. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले (२:१३). तेवढे त्यांनी उत्तम केले. नंतर तोंड उघडून कारणे सांगू लागले, आणि शेवटी देवाचा संताप त्यांच्यावर झाला (४२:७). तक्रारी करणारा ईयोब बरोबर ठरला. कंपनीने तीनशे माणसे कमी केली असतील तर ते त्या तिमाहीच्या आकड्यांमुळे. तुमच्याकडून कामात खरेच काही चुकले असेल तर त्याची कबुली वेगळी द्या, एकदा द्या, आणि तिथे थांबा.

मंडळीतला एक गट असेही म्हणेल की धडपड करणे म्हणजे भरवशाचा अभाव. केडगावच्या पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन यावर पुरेसे उत्तर आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली तिथे आणल्या. रोजच्या भाकरीसाठी प्रार्थना होत होती, आणि त्याच आवारात विहिरी खणल्या जात होत्या, शेती होती, तेलाचा घाणा होता, विणकाम होते, छापखाना होता. बायबलचे मराठी भाषांतर रमाबाईंनी मूळ भाषांवरून केले आणि ते तिथेच छापले गेले. १९२१ च्या जुलैमध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ ला, त्या स्वतः गेल्या, आणि मधल्या काळात भाषांतराचे काम चालूच होते. भरवशाच्या माणसाचे आयुष्य बाहेरून विजयी दिसेलच असे नाही. पौलही तंबू शिवत होता (प्रेषितांची कृत्ये १८:३), आणि ज्या फिलिप्पैकरांस ४:१३ चे फलक घराघरांत असतात ती ओवी त्याने कैदेतून लिहिली. आधीच्या दोन ओव्यांत तो उपाशी राहणे आणि तृप्त असणे या दोन्हींची कला "शिकलो" असे म्हणतो. शिकायला वेळ लागतो, हे त्याच्याही बाबतीत खरे.

म्हणून दिवसाचा मधला भाग वेचण्याचा. सकाळच्या बैठकीनंतर चार तास कामाच्या शोधाचे: अर्ज, फोन, एखादा अभ्यासक्रम. चार तास झाले की थांबा. दिवसभर पोर्टल उघडून बसणे म्हणजे उद्याचा मान्ना आज झाकून ठेवणे. त्यातून अर्ज वाढत नाहीत, झोप जाते. रविवारी एकही अर्ज पाठवू नका. नोकरी नसताना शब्बाथ पाळणे जास्त कठीण असते, कारण रोजच सुट्टी आहे असे वाटते. पण सहाव्या दिवशी दुप्पट वेचायची मुभा होती ती सातव्या दिवशी हात रिकामे ठेवता यावेत म्हणूनच. निर्गम १६:२७ मध्ये काही जण सातव्या दिवशीही बाहेर गेले आणि त्यांना काही सापडले नाही.

पैशाबद्दल स्पष्ट बोलायला हवे, कारण इथे माणसे लुबाडली जातात. दशमांश, म्हणजे दहावा भाग, उत्पन्नातून द्यायचा असतो. नियमशास्त्रात तो पिकातून, फळांतून आणि गुराढोरांतून आहे (लेवीय २७:३०-३२). उत्पन्न नसेल तर दशमांशही नाही. कर्ज काढून, सोने गहाण ठेवून, भविष्यनिर्वाह निधी मोडून दान देऊ नका. "बीज पेरा, शंभरपट मिळेल" असे सांगून खात्याचा क्रमांक देणारा कोणीही असो, त्याला २ करिंथ ८:१२ दाखवा: असेल त्याप्रमाणे दिलेले मान्य होते, नसेल त्याप्रमाणे नव्हे. द्यावेसे वाटत असेल तर वेळ द्या. चर्चची झाडलोट, आजाऱ्याला दवाखान्यात नेणे, एखाद्या मुलाचे गणित. घरात मात्र जोडीदारापासून आकडे लपवू नका. बचत किती महिन्यांची आहे ते दोघांनी एकाच कागदावर पाहा, आणि त्याच कागदावर हात ठेवून एकत्र प्रार्थना करा.

मंडळीत काय सांगायचे हाही प्रश्न असतो. सगळ्यांना सगळे सांगायची गरज नाही. दोन माणसे निवडा, त्यांतला एक पाळक असला तर बरे. त्यांना नेमके सांगा: "मला उपाय नको आहेत, आठवड्यातून एकदा, बुधवारी रात्री नऊला, फोनवर दहा मिनिटे माझ्याबरोबर प्रार्थना करा." वार आणि वेळ ठरवली नाही तर "नक्की प्रार्थना करू" यावर गोष्ट संपते. कॉटेज मीटिंग, म्हणजे घरोघरी होणारी प्रार्थनासभा, तुमच्या घरी असेल तर चहा-बिस्किटांपुरतीच ठेवा, नाश्त्याचा घाट घालू नका. पुढच्या घराच्याही डोक्यावरचे ओझे त्याने उतरेल. शब्द अगदी सुचेनासे झाले तर गा. उपासना संगीत या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातली ना. वा. टिळकांची भजने अशा वेळी उपयोगी पडतात. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला पण अभंगाची चाल सोडली नाही, त्यामुळे ती आजीच्या आवाजात आपल्या कानात आधीच बसलेली असतात. आणि शब्द मुळीच नसले तरी रोमकरांस ८:२६ प्रमाणे आत्मा उच्चारता न येणाऱ्या कण्हण्याने मध्यस्थी करतो. गप्प बसून राहणेही त्या पंधरा मिनिटांत धरा.

एक गोष्ट मात्र प्रार्थनेवर ढकलू नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, किंवा मरून जावे असे विचार येत असतील तर डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, पुन्हा उठवून खायला दिले जाते. मग चाळीस दिवसांचा प्रवास, मग होरेबवर तो मंद आवाज, आणि तिथेही प्रश्न एवढाच की तू इथे काय करतोस. त्यानंतर काम मिळते, सोबतीला अलीशा मिळतो, आणि आणखी सात हजार आहेत ही बातमी मिळते. झोप आणि भाकर आधी होती. औषध घेणे हा अविश्वास नाही.

आणि नोकरी लागली की? यहोशवा ५:१२ सांगते की कनान देशाचे पीक खाल्ले त्याच्या दुसऱ्या दिवशी मान्ना बंद झाला. अनुवाद ८ चा दुसरा अर्धा भाग नेमका या टप्प्यासाठी आहे: पोट भरल्यावर, चांगली घरे बांधल्यावर "हे माझ्याच हातांनी मिळवले" असे म्हणाल, ते जपा. म्हणून पहिले तीन महिने सकाळची पंधरा मिनिटे आणि संध्याकाळची वही तशीच चालू ठेवा. ऑफिस लांब असेल तर वही लोकलमध्ये किंवा बसमध्ये लिहिता येते. पहिल्या पगारातून आधी ज्यांचे उसने घेतले त्यांचे द्या, मग दशमांश पुन्हा सुरू करा, मागच्या महिन्यांचा साठलेला म्हणून काही भरू नका. मंडळीत साक्ष द्यायला बोलावले तर द्या, पण सहा महिने उत्तर नव्हते तेही त्यात सांगा, ८८ वे स्तोत्र वाचले होते तेही सांगा. आणि त्या दोघांचा बुधवारचा फोन बंद करू नका. आता तुम्ही त्यांच्यासाठी दहा मिनिटे ठेवा.